विंगेतली आई

"सकाळी शाळेची तयारी करताना मुलीला अडचण येते? कधीच नाही, कधीकधी, की रोज?" समुपदेशक मॅडमनी कीबोर्डवर बोटं ठेवत विचारलं.

"कधीच नाही," प्रॉम्प्टरबाई म्हणाल्या.

खोटं नव्हतंच ते. लेकीचे डोळे धड उघडायच्या आत तिच्या पायांत मोजे चढलेले असत, वेणी घातलेली असे, दप्तर दाराशी उभं. अडचणीला घरात शिरायला फट होतीच कुठे?

"वस्तू हरवते?"

"छे हो!" हरवलेली पट्टी संध्याकाळच्या आत कंपासपेटीत परत हजर. बाई एकसारख्या ढीगभर पट्ट्या आणून लपवून ठेवत. लेकीला वाटे, आपली पट्टी मांजरासारखी फिरून घरी येते.

लेक खुर्चीत उलटी बसून पायांनी भिंत चढत होती. घरी तिला भिंगरीच म्हणत. तिला एडीएचडी आहे हे या तपासणी केंद्राच्या शिपायानेही सांगितलं असतं, पण या खोलीत नुसतं बघून भागत नसे. मुलाचं रोजच्या जगण्यात किती अडतं, ते पालकांच्या उत्तरांवरून मोजायचं. आकडा रेषेच्या वर गेला की दाखला. दाखला मिळाला तर शाळा भिंगरीशेजारी मदतनीस ताई बसवणार होती. नाहीतर मुलीला घेऊन जा, असं मुख्याध्यापिकांनी अगदी गोड शब्दांत बजावलं होतं.

बाईंची हयात नाटकाच्या विंगेत गेली. नट अडला की पुढचं वाक्य असं सरकवायचं, की पहिल्या रांगेलाही पत्ता लागू नये. एकदा म्हणे एका राजाला तिसऱ्या अंकात राणीपासून राज्यापर्यंत कशाचीच आठवण उरली नाही. बाईंनी अख्खा अंक त्याच्या कानात ओतला. टाळ्या राजाला, हार राजाच्या गळ्यात. आणि मिशी सोलत राजेसाहेब म्हणाले, "आज तुमची गरजच पडली नाही हो, बाई!" याहून मोठी शाबासकी बाईंना ठाऊक नव्हती.

घरीही तोच खेळ. शेजारीण, मावशी, वर्गबाई, कुणीही काही विचारलं की भिंगरी आधी आईच्या ओठांकडे बघे. आवाज न करता ओठ हलत. भिंगरी वाक्य झेलून ठणठणीत म्हणे, "सगळं छान चाललंय!"

मॅडमची कीबोर्डवरची टकटक थांबली. "रेषेच्या खाली आहे. चांगलंच आहे की! दाखल्याची गरज नाही."

बाई खुर्चीतून अर्धवट उठल्या. "अहो, अडत नाही कारण मी अडू देत नाही! मोजे मी घालते, अभ्यासाला खेटून मी बसते. रस्त्यात हात सोडला तर पोर गाडीखाली जाईल!"

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही तिचं विचारत होता. माझं कुठे विचारलंत?"

मॅडमनी सुस्कारा सोडला. "दाखला हवा म्हणून उत्तरं फिरवणारे फार येतात हो. आता ती नाही बदलता येणार. पण मुलीचं म्हणणं जोडता येतं. तिने स्वतः सांगितलं, तर मी शिफारस करते. फक्त तुम्ही मध्ये बोलायचं नाही. चकार शब्द नाही."

बाईंनी मान डोलावली. गप्प राहायला बाईंना कुणी शिकवायला नको होतं.

मॅडम पुढे वाकल्या. "काय गं, शाळेत, घरी तुला काही जड जातं का? घाबरू नकोस. खरं सांग."

भिंगरी सुलटी झाली. सकाळीच जिन्यात आईच्या पदराला नाक पुसत ती म्हणाली होती, "आई, माझ्या डोक्यात सगळे एकदम बोलतात गं." तेच सांग, बाई मनात म्हणत होत्या. तेवढंच सांग, सोन्या.

भिंगरीने तोंड उघडलं. शब्द येईना. रंगमंचावर नट अडल्यावर पसरते तशी शांतता खोलीत पसरली. भिंगरीने वळून आईकडे पाहिलं.

"सगळं छान चाललंय!"

आपले ओठ हलले, हे बाईंना तो ठणठणीत आवाज ऐकल्यावर कळलं. मॅडमना तर कळलंच नाही.