हात दाखवून

"जादूगार म्हणवता ना स्वतःला? मग दाखवा काहीतरी," असं म्हणत साहेबांनी टेबलावरचा पत्त्यांचा कॅट पुढे सरकवला.

कॅट जादूगाराचाच होता. आदल्या संध्याकाळी लॉजवर त्यानेच तो पेटीतून काढून दिला होता, कारण कापडाच्या एजंटाकडचे पत्ते मळून पार कळकट झाले होते. चौथा भिडू कमी पडला तेव्हा एजंटानेच त्याला दंडाला धरून बसवलं. नको नको म्हणत तो बसला, आणि पानंच अशी येत गेली की उठताना एजंटाच्या खिशात काही उरलं नव्हतं. सकाळी एजंट दात न घासता फसवणुकीची तक्रार घेऊन तडक पोलीस ठाण्यात आला. आता तो भिंतीकडच्या बाकावर बसला होता आणि जादूगाराकडे बघायचंही टाळत होता.

"साहेब, हा माझा मेव्हणा," दाजी पुढे होऊन म्हणाले. कार्यक्रमांची गाडी तेच चालवायचे. "बहिणीच्या नवऱ्याने बायकोच्या भावाचं कौतुक करावं असा रिवाज नाही, तरी सांगतो, माणूस सरळ आहे. दुपारी शाळेत कार्यक्रम आहे आमचा, पोरं वाट बघत असतील. दाखव रे, ते हवेतून पत्ते काढतोस ना, तेच दाखव. म्हणजे साहेबांची खात्री पटेल."

जादूगाराचं मन घेईना. पण दाखवलं नाही तर खोटा ठरणार. त्याने बाह्या कोपरापर्यंत सारल्या, कॅट उचलून सारखा केला आणि उजवा पंजा सगळ्यांसमोर उघडा धरला. पंजा मोकळा होता. त्याने खिडकीतल्या उजेडात हात घातला आणि बदामची राणी काढली. ती टेबलावर ठेवली. पुन्हा मोकळा पंजा, पुन्हा पत्ता. एक फायलींच्या ढिगावरून, एक दारातल्या शिपायाच्या कॉलरजवळून. शिपाई कॉलर चाचपत आत आला. कोपऱ्यात टाइप करणाऱ्या बाई थांबल्या. एजंटसुद्धा मान पुढे काढून बघायला लागला. पत्ते येत राहिले, आणि आपण कुठे उभे आहोत हे जादूगार घटकाभर विसरला. शेवटी पाच पत्ते एकदम पंख्यासारखे उलगडले, तेव्हा शिपायाने न राहवून टाळ्या वाजवल्या.

"छान," साहेब म्हणाले. "आता मी सांगतो तो पत्ता काढा. इस्पिकचा एक्का."

टाळ्या थांबल्या. बाकावर एजंट ताठ झाला. काल शेवटचा डाव त्याच एक्क्यावर गेला होता.

आत्ता कुठे जादूगाराला कळलं की साहेब खेळ बघत नव्हते. चुकायचं, त्याने ठरवलं. पत्ता पाडायचा, ओशाळं हसायचं, माफी मागायची. पण कॅट सारखा करतानाच एक्का कुठे आहे हे बोटांनी हेरून ठेवलं होतं, आणि वर्षानुवर्षं आरशासमोर घोटलेली ती बोटं आता कुणाचं ऐकणार नव्हती. त्याने हात नुसता झटकला. एक्का बोटांच्या टोकांवर येऊन उभा राहिला.

"कालही असाच आला होता," एजंट म्हणाला.

"काल तो वाटपात आला होता. पिसले तुम्ही, वाटले तुम्ही. मी फक्त उचलले." जादूगार मागे वळला. "दाजी, सांगा ना. तुम्ही माझ्या शेजारीच होतात."

दाजी त्याच्या हाताकडे बघत होते. इतकी वर्षं गाडी चालवली, पण कार्यक्रम सुरू झाला की ते बाहेर गाडीत डुलकी काढायचे. इतक्या जवळून हा हात त्यांनी आजच पाहिला.

"घरी आपण खेळतो," दाजी म्हणाले, "तेव्हा मीच जिंकतो."

"हो, मग?"

"बायको सगळ्यांना सांगते, पत्त्यांत यांना कुणी हरवू शकत नाही म्हणून." दाजींचा आवाज अगदी खाली आला. "ते तू करतोस का रे?"

नाही म्हणायला हवं होतं, आणि लगेच म्हणायला हवं होतं. पण ते सांगतानाचा बहिणीचा चेहरा त्याच्या डोळ्यांपुढे आला आणि तोंडातला शब्द तोंडातच राहिला. "नेहमी नाही," असं काहीतरी तो पुटपुटला.

दाजींनी मान हलवली आणि ते दोन पावलं मागे सरून एजंटाच्या बाकाशी जाऊन उभे राहिले. त्यांच्या खिशातला फोन वाजायला लागला. शाळेचाच असणार. त्यांनी तो वाजू दिला.

"दाजी, काल मी काही केलं नाही," जादूगार म्हणाला. "खरंच नाही केलं."

दाजी खिडकीबाहेर बघत राहिले.

"हात टेबलावर ठेवा," साहेब म्हणाले. "उताणे."

त्याने ठेवले. शिपायाने वाकून ते निरखले, बोटं फाकवून पाहिली, पंजे उलटे करून पाहिले, मनगटं चाचपली.

"काही नाही साहेब. रिकामे आहेत."

"मघाशीही रिकामेच होते," साहेब म्हणाले.