समोरून

"काळा काढून काळाच घालायचा, तर बदलायचा तरी कशाला?" गादीवाल्या काकांनी विचारलं.

एक्सरेचं डोकं टी-शर्टात अडकलेलं होतं. उत्तर कापडाच्या आतूनच आलं. "छातीवरचं नाव वेगळं असतं, काका."

"ते वाचायचं कोणी? झाडाची मुळं उपटून ठेवल्यासारखी तुमची अक्षरं."

शहरात हेवी मेटल वाजवणारे बँड पाच होते आणि ड्रमर हा एकटा. सकाळी दवाखान्याच्या एक्सरे-खोलीत तो लोकांना श्वास रोखायला सांगे. त्यावरूनच हे नाव त्याला चिकटलं होतं. सुट्टीच्या दुपारी मात्र तो गाद्यांच्या या गोदामात टी-शर्ट बदलत बदलत पाचही बँडांच्या मागे बसे. गाद्यांच्या थप्प्या आवाज गिळून टाकत. काका दाराशी खुर्ची टाकून येणाऱ्या प्रत्येकाच्या तळहातावर कानांसाठी कापसाचे दोन बोळे ठेवत. तेच तिकीट. एक्सरेला सर्दी झाली की पाचही बँड शिंकत आणि कार्यक्रम पुढे जाई.

आज पहिल्यांदाच, कार्यक्रमातल्या दुसऱ्या बँडाच्या मागे तो बसणार नव्हता. ताई बसणार होती. ती त्याच बँडात बास गिटार वाजवणाऱ्याची थोरली बहीण, बालवाडीची शिक्षिका. वर्षभर त्यानेच तिला शिकवलं होतं. तिचं जमलं, तर ही सारी खटपट एका माणसाच्या नाकावर अवलंबून राहणार नव्हती. ड्रमरवाचून खोळंबलेली आणखी दोन टोळकी होती, त्यांनाही वाट मिळणार होती. हे सगळं त्याला मनापासून हवं होतं. तरीही सवयीने अंगात चढवलेला त्या बँडाचा टी-शर्ट उतरवून तिच्या हाती देताना त्याने तो क्षणभर सोडलाच नाही.

"दे की रे," ताई म्हणाली. "हिसकावून घेऊ का?"

टी-शर्ट तिच्या गुडघ्यांपर्यंत आला.

"घाबरलीस का?"

"चाळीस पोरांना एकाच वेळी आई आठवते तेव्हा तू वर्गात येऊन बघ. त्यापुढे हा आवाज म्हणजे अंगाई आहे." मग तिने आवाज खाली आणला. "गाण्यातल्या त्या मधल्या जागेचं तेवढं बघते. तिथे तू सांगतोस तितकं लवकर यायला मला जमत नाही."

"जमेल," तो म्हणाला आणि समोर जायला निघाला. आपला साधा सदरा चढवून तो दाराशी पोहोचला, तेव्हा काकांनी गर्दीच्या धांदलीत वर न बघताच त्याच्याही हातावर कापूस ठेवला.

लोकांत उभं राहिल्यावर हातांचं काय करायचं, हे त्याला कधीच उमगलं नव्हतं. ड्रमच्या आड बसलं की तो प्रश्न मिटे; तिथल्या अंधारात त्याचा चेहरा कोणाला दिसतही नसे. आता त्याने कापूस मुठीत घट्ट धरला.

गाणं सुरू झालं आणि तो दचकला. इतकी वर्षं त्याने या माणसांना पाठीवरून ओळखलं होतं: कोणाच्या मानेवर तीळ आहे, कोणाची शिवण खांद्यावर उसवली आहे. त्यांचे चेहरे वाजवताना असे दिसतात, हे त्याला ठाऊकच नव्हतं. इतका भयंकर गुरगुरणारा गायक डोळे मिटून, हरवलेल्या मुलासारखा उभा होता. बासवाला ओठांतल्या ओठांत मोजत होता. ताईचे पाय खाली धडधडत होते आणि त्या धडधडीत कुठेही फट नव्हती.

मग ती मधली जागा आली. सगळी वाद्यं एकदम थांबली. इथून ड्रमने एकट्याने उठायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या मागोमाग झेपावायचं. एक्सरेचा पाय सवयीने जमिनीवर आपटला.

त्या शांततेत तेवढाच आवाज झाला.

ताईने काठी उचलली नव्हती. गिटारवाल्याचा हात तारांवर उतरता उतरता हवेतच लटकला. एक्सरेची घाई पाचही बँडांच्या अंगवळणी पडली होती; एवढा वेळ गप्प राहायची कोणालाच सवय नव्हती. ताई समोर बघत होती. वर्ग शांत होईपर्यंत बाई बघत राहतात, तशीच. गायकाने डोळे उघडले. गोदामातल्या कोणालाही श्वास रोखायला सांगावं लागलं नाही.

आणि एक्सरेला कळलं, की ही जागा मुळात एवढी मोठी होती. एवढ्या लोकांपुढे गप्प बसवत नाही, म्हणून दर वेळी तोच ती चटकन बुजवून टाकत आला होता.

ताईने काठी खाली आणली.

चौघेही एकदम कोसळले ते थेट त्याच्या छातीवर. मागच्या थप्पीवरची गादी घसरून खाली आली आणि कोणी तिच्याकडे पाहिलंही नाही. लोक ओरडत होते, उड्या मारत होते. त्यांच्यातले कितीतरी चेहरे त्याने कधी पाहिलेच नव्हते. वाजवणाऱ्यांचे भाऊ नव्हेत, मित्र नव्हेत, नुसते ऐकायला आलेले लोक. हे केव्हापासून येऊ लागले?

गाणं संपलं, तेव्हा शेजारचा घामाघूम माणूस त्याच्या कानाशी वाकला.

"मघाशी पाय तुम्हीच आपटलात ना? जरा लवकर झालं." तो हसत होता. "होतं तसं. आमच्या बँडात चौघे आहोत, ड्रमर मिळेना म्हणून नुसते ऐकायला येतो दर वेळी. तुम्ही पहिल्यांदाच आलात वाटतं?"

समोर ताई कपाळावरचे केस मागे सारत पुढच्या गाण्यासाठी काठ्या जुळवत होती.

"हो," तो म्हणाला आणि मुठीतला कापूस खिशात टाकला.