नाव नोंदवायला

तपासणीच्या खोलीबाहेर बाकांवर सगळ्या बायकाच होत्या आणि त्यांच्या मधोमध बाबा बसले होते, अंग चोरून, मांडीवर लेकीच्या रिपोर्टांची पिशवी घट्ट धरून. लेक शेजारी पाय लांब करून बसली होती. परदेशातून परतून तिला चार दिवसही झाले नव्हते. सातवा महिना लागला होता, जावई तिकडची नोकरी आवरून मागाहून येणार होता. घरी आईचा पाय प्लास्टरमध्ये. त्यामुळे बाळंतपणासाठी दवाखाना शोधायचं काम बाबांच्या गळ्यात पडलं होतं.

बाबांचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला. शहरातलं एकूणएक प्रसूतिगृह त्यांना लिफ्टवरून ठाऊक होतं. कुठली धक्का देते, कुठली दोन मजल्यांच्या मध्येच रुसून बसते. आत काय चालतं याच्याशी मात्र त्यांचा कधी संबंध आला नव्हता. लेक यायच्या आधी ते एकटेच दारोदार हिंडले. एके ठिकाणी सांगितलं, इतक्या उशिरा आम्ही नवीन नाव घेत नाही. दुसरीकडे काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता पेशंटचं नाव विचारलं आणि बाबांनी गडबडून स्वतःचंच सांगितलं. हे त्यांनी फोनवर सांगितलं तेव्हा लेक हसून हसून बेजार झाली होती.

शेवटी या डॉक्टरीणबाईंनी होकार दिला. पूर्वी कधीतरी त्या लिफ्टमध्ये अडकल्या होत्या, तेव्हा दार उघडेपर्यंत बाबा वरून त्यांच्याशी गप्पा मारत राहिले होते. ते त्यांच्या लक्षात होतं. कागद कुठल्याही भाषेतले असू देत, तुम्ही तिला घेऊन या, असं त्या म्हणाल्या होत्या.

नंबर आला. आत गेल्यावर बाईंनी चष्मा लावून रिपोर्ट चाळले, अडेल तिथे लेकीला अर्थ विचारला. मग त्या बाबांना म्हणाल्या की तुम्ही बाहेर बसलात तरी चालेल. बाबा लगबगीने उठले. पण लेकीने त्यांची बाही धरली, तसे ते पुन्हा बसले.

"रक्तगट निगेटिव्ह आहे तुझा," बाई म्हणाल्या. "म्हणून विचारावं लागतं. याआधी कधी दिवस गेले होते?"

"नाही नाही, पहिलीच खेप," बाबांनी ठणकावून सांगितलं. इतक्या वेळात त्यांना उत्तर येत असलेला हा पहिलाच प्रश्न होता.

लेक टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होती. "एकदा," ती म्हणाली. "तिसऱ्या महिन्यात पडलं."

बाईंचा आवाज जराही बदलला नाही. त्यानंतर निगेटिव्ह गटासाठीचं इंजेक्शन दिलं होतं का, याही खेपेला दिलंय का, एवढंच त्यांनी विचारलं. दोन्ही वेळा दिलं होतं. मग घाबरण्यासारखं काही नाही, असं म्हणून त्यांनी तिला पडद्याआड नेलं. थोड्या वेळाने पडद्यामागून बाळाचे ठोके ऐकू आले, भरभर आणि एका लयीत. मोटारीच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा माणूस कान देऊन ऐकत राहिला. खोट काढायला कुठे जागा नव्हती.

नाव नोंदवून झालं. बाहेर आल्यावर बाबा जिन्याजवळच्या बाकाकडे वळले आणि जरा टेकू या म्हणाले. दमली लेक असणार होती, पण आधी बसले ते बाबा.

"कधी झालं हे?"

"तुमचं ऑपरेशन झालं तेव्हा."

छातीवरचे टाके बाबांना आठवले. लेकीला तिकडून येता आलं नव्हतं. सुट्टी मिळत नाही म्हणाली होती, आणि सुट्टी न देणाऱ्या तिच्या साहेबाला बाबांनी मनात पुष्कळ शिव्या घातल्या होत्या. पण रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. शेजारणीचं मांजर, त्याने केलेले उद्योग, असलं काहीबाही सांगून ती हसवायची. टाके तुटतील म्हणून नर्स ओरडायची.

"त्या दिवशीही फोन केलास?"

"केला ना. मांजर कपड्यांच्या मशीनमध्ये जाऊन बसलं होतं ते सांगितलं."

"मी हसलो असेन."

"खूप हसलात," लेक म्हणाली. "बरं वाटलं मला."

बाबांनी पिशवी मांडीवरून काढून बाजूला ठेवली. समोरून एक बाई नवऱ्याच्या हाताला धरून एकेक पायरी चढत होती. ती वर पोचेपर्यंत दोघं तिच्याकडे बघत राहिली.

"काही नावबिव ठेवलं होतं?"

लेकीने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. "नाव असं नाही. वाटाणा म्हणायचो. तेवढंच होतं ना."

"वाटाणा," बाबा म्हणाले. आणि मग, नीट लक्षात राहावं म्हणून, पुन्हा एकदा म्हणाले.

लेकीने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची पर्वा न करता रडून घेतलं. बाबा हलले नाहीत. ती शांत झाल्यावर त्यांनी रुमाल पुढे केला.

"आईला मी सांगेन," ते म्हणाले. "तुला पुन्हा सांगायला नको."