राखीव तास

वडिलांनी पासवर्ड लिहून ठेवलेलं पाकीट पर्समध्येच होतं. तरी लेक म्हणाली, की घर पालथं घातलं, पासवर्ड कुठेच सापडला नाही.

समोर बसलेल्या सहायिकेचा चेहरा उतरला. पाणी तपासणाऱ्या या प्रयोगशाळेत तिनं लेकीच्या वडिलांच्या हाताखाली, ते वारेपर्यंत, नऊ वर्षं काम केलं होतं. शुक्रवारपर्यंत सगळं उघडणारा मूळ पासवर्ड मिळाला नाही, तर वडिलांनी उभी केलेली ईमेलची आणि सामाईक कॅलेंडरची यंत्रणा पुसली जाणार होती. मोठ्या साहेबांनी नव्या यंत्रणेसाठी एका कंपनीशी बोलणी उरकलीच होती.

वडिलांनी ती खुल्या सॉफ्टवेअरवर बांधली होती. जगभरातल्या अनोळखी माणसांनी लिहिलेलं, कुणालाही उघडून बघता येणारं. पत्रं आपली तर पेटीही आपलीच हवी, असं ते म्हणत. घरी त्या सर्व्हरचं कौतुक इतकं चाले की आई त्याला सवत म्हणायची. आई थट्टेनं म्हणायची. लेकीला ती थट्टा कधीच वाटली नव्हती.

आणि आता या सवतीला एक लेकही निघाली होती. वडिलांचा जादा चष्मा कुठल्या खणात असायचा, ते या सहायिकेला ठाऊक. चहाचा शेवटचा घोट ते कपात तसाच ठेवायचे, हेही. चूक झाली की सर 'अगं शहाणे' म्हणायचे, असं हिनं सांगितलं, तेव्हा लेक खिडकीबाहेर बघत राहिली. तो शब्द घरचा होता. निदान ती तसं धरून चालली होती. मघाशी वडिलांचा विषय निघाला, सहायिकेचे डोळे भरले, आणि शिपायानं पाण्याचा पेला हिच्यापुढे ठेवला. लेकीला कुणी विचारलं नाही.

बंद पडू दे सगळं, तिनं ठरवलं. मला नाही, तर हिलाही नको.

सहायिका मात्र पासवर्डवरून पुढे गेली होती. आता काय, जाईल तर जाईल, म्हणाली. फक्त एक गोष्ट कळायची राहून गेली. इथे सगळ्यांचं कॅलेंडर सगळ्यांना दिसतं. ज्याचा तास मोकळा, त्याला न विचारता बैठकीत ओढायचं. नोंद खाजगी ठेवली, तर बाकीच्यांना नुसतं 'व्यस्त' दिसतं. सरांचा सहा ते सात हा तास रोज तसा असे. साहेबांनाही तो कधी मिळाला नाही. तो तास कुणासाठी, यावर ऑफिसात पैजा लागत. सर दार लावून बसायचे, पण आतून बोलण्याचा आवाज कधी आला नाही.

"खरं सांगू ताई, मला राग यायचा," ती म्हणाली. "एवढं कोण लागून गेलंय, असं वाटायचं."

हा राग लेकीच्या चांगला ओळखीचा होता. तिनं पर्स उघडली आणि पाकीट टेबलावर ठेवलं. सहायिकेनं त्याच्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता खुर्ची सरकवून तिला जागा करून दिली.

पाकिटातला पासवर्ड घालून लेकीनं वडिलांचं कॅलेंडर उघडलं. त्या तासावर आता 'व्यस्त'च्या जागी शब्द होते. 'लेकीचा फोन येईल.' नोंद सहायिकेच्या नोकरीपेक्षा जुनी होती. लेक परगावी कामाला गेली, त्या आठवड्यातली. सहाला सुटते, मग फोन करत जाईन, असं तिनंच निघताना सांगितलं होतं. पुनरावृत्ती, दररोज. शेवटच्या तारखेचा रकाना रिकामा होता.



"मग तुम्ही फोन केव्हा करायचात?" सहायिकेनं हळूच विचारलं.

"दुपारी. जेवणाच्या सुट्टीत, दोन मिनिटं," लेक म्हणाली. "संध्याकाळी बाबा तुमच्यात असतात, असं वाटायचं मला."