रात्रपाळीआधी

“काचेला बोट लावू नकोस,” बाबा म्हणाले. “फडक्यात धर.”

“माहितीये.” लेकीने नवा बल्ब फडक्यातच धरला होता. अंगणात मोटरसायकल स्टँडवर उभी होती आणि हेडलाइटचा डूम तारांना लोंबकळत होता. ऊन भिंतीवरून केव्हाच उतरलं होतं. बाबा दारातल्या खुर्चीवर होते, डावा पाय समोरच्या स्टुलावर, याच गाडीवरून रात्री पडल्यापासून गुडघ्याखाली लोखंडी सळ्या ठोकलेला. पंपहाउसातली त्यांची रात्रपाळी आजपासून तिची. पहिल्याच दिवशी खाडा पडला तर जागा दुसऱ्याला जाणार होती, आणि तिकडे जायला या गाडीशिवाय दुसरं काही नव्हतं.

आई पायरीवर शेंगा सोलत होती. “अंधार पडायच्या आत दिवा लागला तर जा. नाहीतर नाही. दिव्यावाचून गाडी फाटकाबाहेर काढायची नाही, हा यांचाच नियम आहे.”

“नियम माझा, अंमलबजावणी हिची,” बाबा म्हणाले. कुणी हसलं नाही.

तारेची क्लिप दोनदा निसटली, मग बसली. लेकीने रबरी टोपी चढवली, पिन खोचली, चावी फिरवून बटण दाबलं.

दिवा लागला नाही.

“झालं,” आई म्हणाली. “मी फोन करून सांगते, पोरीला बरं नाही म्हणून.”

“थांब गं आई!”

“हॉर्न वाजव,” बाबा म्हणाले. हॉर्न वाजला. “इंडिकेटर?” तोही लागला. “जुना बल्ब आण इकडे.”

त्यांनी तो आभाळाकडे धरला आणि एक डोळा मिटून पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. “दोन्ही तारा शाबूत आहेत. हा गेलेलाच नाही.”

लेकीने गाडीच्या बाजूचं झाकण उघडलं. फ्यूज ओळीने बसलेले होते. हेडलाइटच्या जागी नुसती खाच.

“बाबा, इथला फ्यूजच नाहीये.”

“जळाला असेल.”

“जळालेला नाही. नाहीच आहे.”

“फ्यूज उडतो,” बाबा सावकाश म्हणाले. “पळून नाही जात.”

शेंगांचा आवाज थांबला. बाबा याच अंगणात गाडी खोलायचे, तेव्हा पाना-पक्कड हातात द्यायला वर्षानुवर्षं आईच शेजारी बसायची.

“आई?”

“यांचा पाय रोज धुतेय मी,” आई म्हणाली. “तुझा नाही धुणार.”

बाबांनी जुना बल्ब मांडीवर ठेवला.

“आई, मला उशीर होतोय.”

आई हात पुसत उठली आणि आत गेली. स्वयंपाकघरात एका डब्याचं झाकण वाजलं. बाहेर येऊन तिने फ्यूज लेकीच्या हातात दिला नाही. स्वतःच वाकली आणि न चाचपडता त्या खाचेत दाबून बसवला.

दिवा लागला. लेकीने डूम बसवून स्क्रू आवळले, हेल्मेट चढवलं, गाडी सुरू केली. आईने पुढे जाऊन फाटक उघडलं आणि फाटकाच्या मधोमध, त्या झोतात, उभी राहिली.

“बाजूला हो ना, आई.”

“आधी डिपर देऊन बघ.”

लेकीने बटण दाबलं. उजेड आईच्या चेहऱ्यावरून उतरून तिच्या पायांवर आला.

“आता अप्पर.”

उजेड पुन्हा चेहऱ्यावर चढला. तिने डोळ्यांवर हात धरला नाही.

“परत डिपर,” आई म्हणाली.