साहेब येणार म्हणून

दिघीतल्या त्या सोसायटीच्या गेटाशेजारी कचऱ्याचा असा ढीग साचला होता की तळमजल्यावरच्या शालनबाईंनी स्वयंपाकघराची खिडकी उघडणंच सोडून दिलं होतं. त्यात नातीला डेंग्यू झाला, मग बाई चवताळल्याच. सोसायटीच्या चेअरमन झाल्या आणि महापालिकेचं डोकं खाऊन खाऊन शेवटी साहेबांना यायला लावलं. साहेब स्वतःच्या डोळ्यांनी ढीग बघणार, मगच घंटागाडी रोज गेटवर येणार, असं ठरलं.

सकाळी साहेबांचा फोन आला, "निघालोय."

बाईंची नजर गेटाकडे गेली अन् त्या पोरावर खेकसल्या, "आरं शेखर, बघत काय बसलाय? एवढा मोठा माणूस पहिल्यांदा दारात येतोय अन् ही अशी शोभा? आपल्याला काय वळण हाय का न्हाई?"

मग काय राव! अख्खी सोसायटी फावडी-घमेली घेऊन खाली उतरली. सोसायटीतल्याच रोहिदासभाऊंचा टेम्पो कचऱ्यानं भरून निघाला, सडा पडला, पोरींनी मोराची रांगोळी काढली. साहेब आले, ओवाळून घेतलं, पेढा खाल्ला, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाले, "छान ठेवलंय हो. पण ताई, तो कचरा कुठाय?"



शालनबाईंनी कपाळावर हात मारला आणि फोन लावला, "ओ रोहिदासभाऊ, कुठवर गेलात? टेम्पो माघारी वळवा!"