रजेतली दुरुस्ती

“पाना दे. अगं हा नाही, मोठा!”

सिंकखालून नवऱ्याचे फक्त पाय दिसत होते. वरून पाणी, खालून पाणी आणि मधोमध त्याचा आरडाओरडा. बायकोने निमूटपणे मोठा पाना दिला. लागणार होता लहानच, हे तिला माहीत होतं. मेन व्हॉल्व्ह बंद करायचा राहिलाय, हेही माहीत होतं. तो येणार त्याच्या आदल्या दिवशी तिनेच तर नट सैल केला होता.

मग करणार काय? मागच्या रजेत घर अगदी ठणठणीत होतं आणि तिथेच घोळ झाला. नवरा सीमेवर गेला की प्लंबर “उद्या येतो” म्हणायचा आणि इलेक्ट्रिशियन फोनच उचलायचा नाही. दोघांच्या नावाने बोटं मोडून झाल्यावर ती स्वतःच सगळं शिकली. फ्यूज, गळती, कड्या, मिक्सर, सगळं. मग हा रजेवर आला आणि करायला काही उरलंच नाही. लेकीच्या सायकलची चेन पडली, तर पोरगी बापाला ओलांडून आईकडे गेली. चहा हवा का विचारलं, तर म्हणाला, “चालेल, तुम्ही घेणार असाल तर.” स्वतःच्या घरात! सोफ्याच्या कडेला टेकायचा, दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखा. शेवटी “युनिटमधून बोलावणं आलंय” म्हणत रजा अर्धी टाकून निघून गेला. बोलावणं-बिलावणं काही नव्हतं. त्याच्या युनिटमधल्या मित्राच्या बायकोने नंतर सहज बोलता बोलता सांगून टाकलं. त्या दिवशी तिने भांडी अशी काही आपटली की सासूबाई टीव्ही बंद करून खोलीत गेल्या.

आता याही रजेत तो पाहुण्यासारखा बसला, तर कायमचा पाहुणाच होऊन जाईल, ही धास्ती तिला बसली होती. तेव्हा नळ गेला खड्ड्यात.

“अजून किती वेळ रे?” सासूबाई स्टुलावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. “सांग बाबा, म्हणजे मी तोवर पोहायला शिकते.”

“आई, नाजूक काम असतं हे!”

बायकोने ओठ चावला. हा माणूस तिकडे रणगाड्यांची इंजिनं उघडतो म्हणे, आणि इथे एका नळाला अख्खी दुपार! तिकडेही असंच चालत असेल, तर देशाचं काही खरं नाही. त्याने वायसर उलटा बसवला, तेव्हा तर तिचे हात नुसते शिवशिवले. पण तिने ते कमरेवरच रोवून ठेवले. तो नखशिखांत भिजला होता, लेकीवर खेकसत होता, “बॅटरी नीट धर गं!” आणि पोरगी खिदळत होती. मागच्या रजेत या घरात तो एकदाही कुणावर खेकसला नव्हता. तिला एकदम भरून आलं. फरशी पुसायच्या निमित्ताने ती खाली वाकली.

संध्याकाळी एकदाचा नळ थांबला. “माझ्यावाचून तुमचं कसं व्हायचं, देव जाणे,” म्हणत तो ओल्या कपड्यांनिशी सोफ्यावर ऐसपैस पसरला. सोफ्याचं वाटोळं झालं. तिने तेही गिळलं.

दुसऱ्या दिवशी तो टॉवेल घेऊन अंघोळीला गेला, तशी ती स्क्रूड्रायव्हर पाठीमागे लपवून बेडरूमच्या दाराशी आली. आज बिजागरीची पाळी होती. तिने पहिल्या स्क्रूला हात लावला. तो आधीच सैल होता. दुसराही. असं कसं म्हणून तिने कपाट उघडलं, तर मूठच हातात आली. पंख्याचं बटण दाबलं, ते आत गेलं आणि तिथेच राहिलं.

ती वळली. दारात नवरा उभा होता. खांद्यावर टॉवेल, अंगाला पाण्याचा थेंब नाही, आणि हातात घरातला दुसरा स्क्रूड्रायव्हर.

“तू नको दमूस,” तो म्हणाला. “रजा संपेपर्यंत पुरेल एवढं मी ढिलं करून ठेवलंय.”